फोन कोरा करण्याआधी

(महिला सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राला ‘कॉम्प्युटरच्या साहाय्याने मोबाईल फॅक्टरी रिसेट कसा करावा’ असं भारदस्त नाव दिलं आहे. ते वाचून काहीजणींना वाटलं असेल, की आता कुणी इंजिनिअर बाई येणार. तसं काही नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. गेली कित्येक वर्षं सल्ला केंद्रात बसते. अर्ज लिहिते, पोलीस ठाण्यात सोबत जाते, संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर तास न् तास काढते. तुमच्यासारखीच. फोनबद्दल जे शिकले ते गरज पडली म्हणून शिकले, आणि त्यातलं निम्मं एका चुकीतून शिकले. ती चूक आधी सांगते. कृती नंतर सांगेन, कारण कृती सोपी आहे.

आपल्याकडे बाई फोन पुसायला का आणते? माझ्या अनुभवात तीन कारणं येतात. पहिलं, ‘मी कुठं जाते, कुणाशी बोलते, सगळं त्याला कळतं. फोनमध्ये काहीतरी टाकलंय.’ दुसरं, ‘त्याने लॉक बदललं’ किंवा ‘त्याने फोन आपटला, काच फुटली, आता हात लावून काही उघडत नाही.’ आणि तिसरं, फोन परत द्यायचा आहे, विकायचा आहे किंवा चोरीला गेला आहे, आणि आत तिचे, लेकरांचे फोटो आहेत. अशा वेळी दुकानात जायची तिला भीती वाटते. दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा असतो. काउंटरवरचा मुलगा दुरुस्त करता करता फोटो चाळतो. म्हणून ती आपल्याकडे येते. आपल्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवून येते. त्या विश्वासाचं आपण काय करतो, हा आजचा विषय आहे असं समजा.

2022 सालची गोष्ट. जवळच्या गावातली एक ताई केंद्रात आली. नवरा संशयी. ती बहिणीकडे गेली तरी त्याला कळायचं, बाजारात वळण घेतलं तरी कळायचं. ती आमच्या केंद्रात येऊन बसली, पाणी प्यायली, आणि पंधरा मिनिटांत त्याचा फोन आला, ‘तिथं काय करतेस?’ ती थरथरत होती. फोनची काच अर्धी फुटलेली, खालच्या बाजूला बोट लावलं तर काहीच होत नव्हतं. ती म्हणाली, ‘ताई, आधी हे पुसून टाका. यात त्याने काहीतरी बसवलंय.’

मी तेव्हा नुकतीच हे काम शिकले होते, आणि खरं सांगते, मला त्याचा थोडा अभिमानही होता. फोनचं गूगल खातं आणि पासवर्ड तिच्याकडे चिठ्ठीवर लिहिलेला होता. नवऱ्यानेच लिहून दिला होता. मी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर त्या खात्यात शिरले, फोन शोधला, आणि ‘पुसून टाका’चं बटण दाबलं. दोन मिनिटांत फोन बंद होऊन चालू झाला. कोरा करकरीत. आम्ही दोघींनी सुटकेचा श्वास सोडला.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मी नव्या कॉम्प्युटरवरून त्या खात्यात शिरले, याची सूचना नवऱ्याच्या फोनवर गेली, कारण ते खातं त्याने काढलेलं, आणि त्याच्याही फोनवर ते चालू होतं. फोन कोरा झालेला, म्हणून त्याने तिच्या बहिणीला फोन लावला. ‘ती कुणाच्या कॉम्प्युटरवर बसलीय?’ तेवढ्या वेळात त्याने पासवर्ड बदलून टाकला. इकडे कोरा झालेला फोन सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागत होता, आणि चिठ्ठीवरचा पासवर्ड आता चालत नव्हता. फोन तिच्या हातात, पण तिला बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या फोनमध्ये नवऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले आवाजी संदेश होते. मारून टाकीन, पोरं दाखवणार नाही, असले. दंडावरच्या वळांचे बहिणीने काढलेले फोटो होते. ते सगळं मी माझ्या हाताने पुसलं होतं. तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

पुढे एकत्र बैठकीत नवरा स्वतःच फुशारकीने म्हणाला, ‘खातं माझं आहे, मला सगळं दिसतं.’ म्हणजे फोनमध्ये त्याने काही बसवलंच नव्हतं. पाळत होती ती खात्यातून. फोन शंभर वेळा पुसला असता आणि परत तेच खातं टाकलं असतं, तरी त्याला ती दिसतच राहिली असती.

तिची केस उभी राहिली ती ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर आणि बहिणीच्या साक्षीवर. धमक्यांचा एक शब्दही आम्हाला पुढे ठेवता आला नाही. मी तिची माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, ‘जाऊ द्या ताई, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं.’ ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रिसेट म्हणजे काय होतं?

फॅक्टरी रिसेट म्हणजे फोन कारखान्यातून आला तेव्हा होता तसा करणं. आपण टाकलेली अॅप, फोटो, संदेश, नंबर, लॉक सगळं जातं. आजच्या स्मार्टफोनमधला मजकूर कुलूपबंद करून साठवलेला असतो आणि रिसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. म्हणून ‘दुकानदार काढून देईल परत’ या भरवशावर राहू नका. फोनबाहेर प्रत उरलेली नसेल तर ते गेलं.

आता काय जात नाही तेही बघा. सिमकार्ड तसंच राहतं. मेमरी कार्ड असेल तर दूरवरून पुसताना ते पुसलं जाईलच असं नाही. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर बदलत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, खातं जात नाही. गूगलचं किंवा अॅपलचं खातं हे फोनमध्ये राहत नाही, ते कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतं. त्यातले फोटो, नंबर, फोन कुठं आहे ही माहिती, ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला रिसेटनंतरही दिसू शकते. भाड्याच्या खोलीतलं सामान तुम्ही बाहेर काढलंत, तरी मालकाकडची दुसरी किल्ली मालकाकडेच राहते, तसं.

याच खात्याचं कुलूप रिसेटनंतर आडवं येतं. अँड्रॉइड फोनमध्ये 2015 पासून आणि आयफोनमध्ये 2013 पासून अशी सोय आली, की फोन जबरदस्तीने कोरा केला तर सुरू होताना तो आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही सोय. ती चांगलीच आहे. पण ज्या घरात बाईच्या फोनवर नवऱ्याचं, दिराचं किंवा भावाचं खातं आहे, त्या घरात यंत्राच्या लेखी फोनचा मालक तो ठरतो आणि वापरणारी बाई चोर ठरते. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात तसं नसेलही. परिणाम मात्र तोच होतो.

आधी विचारायचे चार प्रश्न

त्या प्रसंगानंतर आम्ही केंद्रात एक शिस्त लावून घेतली. कुणी कितीही घाईत असली, तरी फोनला हात लावण्याआधी चार प्रश्न बसून विचारायचे.

पहिला प्रश्न, यात जपायचं काय आहे? धमक्या, शिव्या, पैशांच्या मागण्या, जखमांचे फोटो, कॉलची यादी, बँकेचे संदेश, मुलांचे फोटो. बाईला पुष्कळदा हे ‘पुरावा’ वाटतच नाही. तिला ती घाण वाटते, डोळ्यांसमोरून जावी असं वाटतं. म्हणून नाव घेऊन विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न, खातं कुणाचं आहे? कुणी काढलं, पासवर्ड कुणाला माहीत आहे, खात्याला जोडलेला फोन नंबर कुणाचा आहे? सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? उत्तर ‘त्याच्या’ असं असेल, तर रिसेटचा विचार तिथंच थांबवायचा आणि आधी दुसरा रस्ता शोधायचा.

तिसरा प्रश्न, फोन पुसल्यावर तो काय करील? हा प्रश्न तांत्रिक नाही, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. पाळत ठेवणाऱ्या माणसाला एकदम दिसणं बंद झालं की त्याला कळतं, की बाई काहीतरी ठरवते आहे. बाई घर सोडण्याच्या बेतात असते, तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे आपण सगळ्या जाणतो. म्हणून कधी कधी जुना फोन आहे तसाच चालू द्यायचा, नेहमीचंच बोलणं त्यावर ठेवायचं, आणि आपल्याशी बोलायला बहिणीचा किंवा शेजारणीचा फोन वापरायचा. निवारागृहात जायचं असेल, तर तो फोन सोबत नेऊन पत्ता सांगत जायचं नाही.

चौथा प्रश्न, तुला स्वतःला काय हवं आहे? आम्ही कार्यकर्त्या इथं फार चुकतो. ‘पुसून टाकूया’ किंवा ‘अजिबात पुसू नको’ असं आपणच ठरवतो. बाईने आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेलं ऐकलेलं असतं. त्यात आपली भर नको. चारही प्रश्नांची उत्तरं समोर ठेवून निर्णय तिने घ्यायचा, आणि बटणही तिनेच दाबायचं.

पुरावा कसा जपायचा?

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तो फोन स्वतः. परवडत असेल तर तो पुसूच नये. बंद करून नीट ठेवावा आणि वापरायला दुसरा साधा फोन घ्यावा. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं होतं, की मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून हजर केलं तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत द्यायची असेल तर मात्र प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम 63 मध्ये आहे. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश’ द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. हे काम आपण एकट्याने करायचं नाही, वकिलाला विचारून करायचं. पण त्यासाठी प्रत तरी हातात हवी.

प्रत कशी काढायची? फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ला होकार दिला, की फोटो आणि रेकॉर्डिंग उतरवून घेता येतात. व्हॉट्सअॅपमधलं संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ करून आवाजी संदेशांसकट बाहेर काढता येतं. शिवाय दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढा. त्यात समोरच्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, नुसतं नाव दिसून उपयोग नाही. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की आयएमईआय नंबर दिसतो, तो वहीत लिहून ठेवा. आणि एक पथ्य पाळा. त्याच्या शिव्या ठेवल्या आणि तिची उत्तरं खोडली, असं करू नका. संभाषण सलग असू द्या.

पोलिसांत तक्रार झाली असेल, किंवा फोन तपासासाठी मागितला असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय रिसेट नाही म्हणजे नाही. पुरावा नाहीसा केल्याचा ठपका उलट बाईवरच यायचा.

आता कॉम्प्युटरवरून कृती

चारही प्रश्न झाले, प्रती निघाल्या, खातं बाईचं स्वतःचं आहे, आणि तिने ठरवलं आहे असं समजू. फोन चार्ज करून घ्या. सिमकार्ड आणि मेमरी कार्डाची काय व्यवस्था करायची ते ठरवा. दूरवरून पुसायचं असेल आणि फोन सिमच्याच इंटरनेटवर चालत असेल, तर सिम आताच काढू नका.

अँड्रॉइड फोनसाठी, कॉम्प्युटरवर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे पासवर्ड आपल्या कॉम्प्युटरवर साठून राहणार नाही. बाईने तिच्या गूगल खात्यात शिरायचं. पासवर्ड तिने टाइप करायचा, आपण पाठ फिरवायची. ‘फाइंड हब’ उघडायचं. याचं आधीचं नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं, 2025 मध्ये बदललं. तिथं तिचा फोन दिसेल. तो निवडून फॅक्टरी रिसेटचा पर्याय घ्यायचा. फोन चालू आणि इंटरनेटवर असेल तर काम लगेच होतं. नसेल तर तो पुन्हा इंटरनेटवर येईल तेव्हा होतं. म्हणून चोरीला गेलेल्या फोनसाठीही हाच मार्ग आहे. मात्र पुसल्यानंतर तो फोन तिथून शोधता येत नाही. आधी जागा बघून घ्या, मगच पुसा.

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर लगेच रिसेट करू नका. चोवीस तास थांबा, असं गूगलचंच सांगणं आहे. नाहीतर कोरा फोन सुरू होताना अडून बसू शकतो.

फोन इंटरनेटवर येतच नसेल तर बटणांचा रस्ता आहे. फोन बंद करून पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की ‘रिकव्हरी’चा मेनू येतो. कुठलं बटण ते कंपनीगणिक बदलतं. सॅमसंगच्या अलीकडच्या काही फोनमध्ये फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलेला नसेल तर हा मेनू उघडत नाही. मेनूत आवाजाच्या बटणाने खाली-वर जायचं, ‘वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट’ या ओळीवर थांबायचं आणि पॉवरचं बटण दाबायचं. काच फुटलेल्या फोनला हे बरं पडतं, कारण बोट लावावं लागत नाही. पण लक्षात ठेवा, या मार्गाने पुसलं की सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जाणारच.

आयफोन केबल जोडूनही पुसता येतो. मॅक कॉम्प्युटर असेल तर ‘फाइंडर’, विंडोज असेल तर ‘आयट्यून्स’ किंवा ‘अॅपल डिव्हायसेस’. फोन जोडायचा. आयफोन 8 आणि त्यानंतरच्या फोनमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, कमी करायचं दाबून सोडायचं, आणि बाजूचं बटण दाबून धरायचं. अॅपलचं चिन्ह आलं तरी सोडायचं नाही. केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र आलं की सोडायचं. कॉम्प्युटर विचारतो, ‘अपडेट’ की ‘रिस्टोअर’. पुसायचं असेल तर ‘रिस्टोअर’. इंटरनेट हळू असेल आणि पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर फोन त्या चित्रातून बाहेर पडतो. घाबरू नका. डाउनलोड पुरं होऊ द्या आणि बटणं पुन्हा दाबा. इथंही शेवटी अॅपल खात्याचा पासवर्ड लागतोच. आयफोनमध्ये 2022 पासून ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे. फोन न पुसता, कुणाला आपली जागा दिसते, कुठल्या फोनवर आपलं खातं चालू आहे, हे त्यात तपासता आणि तोडता येतं. कित्येकदा तेवढ्यानेच भागतं.

‘कुठलाही फोन उघडून देतो’ अशा जाहिराती करणारी सॉफ्टवेअर केंद्राच्या कॉम्प्युटरवर उतरवू नका. आपल्या त्या कॉम्प्युटरवर शेकडो बायकांची माहिती आहे.

पुसल्यानंतर

काम इथं संपत नाही. फोन पुन्हा सुरू करताना तो विचारतो, ‘जुनं सगळं परत आणू का?’ पाळतीची शंका असेल तर ‘नको’ म्हणा. नाहीतर जे टाकायला पुसलं तेच अॅप पाहुण्यासारखं परत यायचं. नवं खातं काढा. पासवर्डात मुलांची नावं, जन्मतारीख, लग्नाची तारीख नको, ती सगळी त्याला पाठ असतात. खात्याला जोडलेला नंबर तिचा असू द्या. ‘आपलं खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर चालू आहे’ ही यादी उघडून अनोळखी नावं काढून टाका. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. कुणी आपल्या कॉम्प्युटरवर तिचं व्हॉट्सअॅप उघडून ठेवलं असेल तर तिथं दिसेल. दोन टप्प्यांचा पिन लावा. सिम त्याच्या नावावर असेल तर नवं सिम तिच्या नावावर घ्या. दुसऱ्याच्या नावावरचं सिम तो केव्हाही बंद करू शकतो.

आणि शेवटी आपल्या कॉम्प्युटरवरून तिचं खातं बंद झालं का, ते तिला दाखवा. तिच्या प्रती तिच्या परवानगीशिवाय ठेवून घेऊ नका. ठेवल्याच तर कुलपात ठेवा आणि तिला पावती द्या. बाईचा फोन चाळणारा नवरा आपल्याला खुपतो. तेच काम ‘तिच्या भल्यासाठी’ आपण करू लागलो तर फरक काय राहिला?

कायद्याची बाजू दोन वाक्यांत सांगते. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणं हा पाठलागाच्या व्याख्येत बसणारा गुन्हा आहे. 2013 साली तो दंडविधानात 354-ड म्हणून आला आणि आज भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 18 खाली संरक्षण आदेश मागताना फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधायलाही मनाई मागता येते. अर्जात ती ओळ आठवणीने घाला. आपण बहुतेकदा मारहाण लिहितो आणि फोन विसरतो.

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर बाईचं नाव हवं, घरावर नाव हवं, यासाठी आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. फोनचं खातं आणि सिम ही त्याच यादीतली पुढची ओळ आहे. घरात नवा फोन येतो तेव्हा ‘खातं मीच काढून देतो, तुला काय कळतंय’ असं कुणीतरी म्हणतं, आणि बाई सहज फोन पुढे करते. पुढच्या सगळ्या गोष्टींची सुरुवात तिथं होते. तेव्हा बचत गटाच्या बैठकीत, महिला मंडळात, संकट येण्याच्या आधीच हे शिकवूया. आपलं खातं आपण काढायचं, आपला पासवर्ड आपल्याच डोक्यात ठेवायचा. जिला लिहिता येत नाही तिलाही चार चिन्हांची नक्षी लक्षात ठेवता येते. तिने ओव्या लक्षात ठेवल्या आहेत, पासवर्डाचं काय!

त्या ताईने पुढे स्वतःच्या पैशांनी फोन घेतला. तो घेऊन ती केंद्रात आली. मी सवयीने हात पुढे केला. तिने फोन दिला नाही. म्हणाली, ‘तुम्ही नुसतं सांगा, मी करते.’ पाऊण तास लागला. दोनदा चुकलं. खातं तिच्या नावाचं निघालं. पासवर्ड काय ठेवला ते मला आजही माहीत नाही.

आता जेवणानंतर केबल आणि दोन जुने फोन घेऊन बसूया. प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने करायचं. पण त्याआधी एकमेकींना ते चार प्रश्न विचारायचे, मी ऐकणार आहे.